दहाव्या दिवशीचं नाक

ऑपरेशन होऊन दहा दिवस झालेत. नाकावरची पट्टी निघाली आणि हॉस्टेलच्या पारा उडालेल्या आरशात पहिल्यांदा नीट बघितलं. नाक फुगलेलं, शेंडा वर चढलेला आणि एक नाकपुडी गोल तर दुसरी चपटी! लगेच मोबाईल निघतो. फ्रंट कॅमेरा, झूम, खालून एक, बाजूनं एक. रूममेट डोकावून म्हणतो, "लेका, डॉक्टरनं वाकडंच बसवलं की!" त्या रात्री झोप लागत नाही. गावाकडून आईचा व्हिडीओ कॉल आला तर कॅमेरा बंद.

कुणाचं नाक बाइकवरून पडून मोडलेलं असतं, कुणाला कबड्डीत कोपर लागलेलं असतं, कुणाला आकार बदलून हवा असतो. कारण कोणतंही असो, दहाव्या दिवशीची धास्ती बहुतेकांची सारखीच. म्हणून आधी एक जुनी गोष्ट.

आपल्या बीडच्या पोरांना बैलगाडी नवी नाही. दिवाळी झाली की गाड्या जुंपून गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. अशाच एका बैल हाकणाऱ्या मराठी माणसाच्या नाकाची गोष्ट सातासमुद्रापार गेली. त्याचं नाव कावसजी. इंग्रज फौजेत तो बैल हाकायचा. 1792च्या लढाईत तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचं नाक कापलं गेलं, एक हातही तोडला गेला. 'नाक कापलं' हा आपल्याकडे नुसता वाक्प्रचार. त्याच्या बाबतीत ते खरोखर घडलं होतं. साधारण वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग 1793 मध्ये पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका वैद्यानं त्याला नवं नाक बसवून दिलं. त्या वैद्याचं नाव नोंदीत नाही, पण कृती मात्र बारकाईनं लिहिलेली आहे. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती ऑक्टोबर 1794 मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जननं 1814 मध्ये लंडनमध्ये तसं ऑपरेशन केलं आणि ही पद्धत युरोपात पसरली. कपाळाची कातडी वळवून नाक बनवायची ही रीत सर्जन आजही वापरतात.

ऑपरेशननंतर काय करायचे, तेही त्या नोंदीत आहे. मेणाच्या पत्र्याचं माप घेऊन कपाळाची कातडी नाकावर वळवली की सांध्यावर काताचा लेप. हो, पानात घालतो तोच कात! चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेल्या पट्ट्या. पाच-सहा दिवस उताणं झोपवायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कातडीचा जोड कापून नाकाला पुन्हा थोडा आकार द्यायचा. म्हणजे दहाव्या दिवशी काम संपलं, असं तो वैद्यही मानत नव्हता. जेम्स वेल्स या चित्रकारानं कावसजीचं प्रसिद्ध चित्र काढलं, ते ऑपरेशननंतर तब्बल दहा महिन्यांनी. आपण मात्र दहाव्या दिवशीच सेल्फी काढून निकाल लावतो!

आता आजचं शास्त्र. नाकाच्या बाहेरच्या आकाराचं ऑपरेशन झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते. पट्टी साधारण आठवड्यानं निघते. डोळ्यांखालचं काळंनिळं दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. पण शेंड्याची सूज हट्टी. ती उतरायला वर्ष लागू शकतं, कातडी जाड असेल तर आणखी जास्त. शिवाय सूज दोन्ही बाजूंना सारखी नसते. एका बाजूचं हाड किंवा कूर्चा जास्त हलवलेली असते, आत टाके असतात. म्हणून एक नाकपुडी आधी मोकळी दिसते, दुसरी मागून येते. आणि खरं सांगायचं तर ऑपरेशनआधीही त्या तंतोतंत सारख्या नव्हत्या. कुणाच्याच नसतात. जुने फोटो काढून बघा.

पुढे सगळं आपोआप जुळेलच, अशी हमी नाही. काहींना दुसरं छोटं ऑपरेशन लागतं. पण तो निर्णय सर्जन सहसा वर्षभर थांबूनच घेतात, कारण सुजलेल्या नाकाचं माप खरं नसतं.

सेल्फीचं मापही खरं नसतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशोब मांडला: फूटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. त्यामुळे रोजचे फोटो बंद. महिन्यातून एकदा, त्याच जागी, तेवढ्याच उजेडात, दुसऱ्याला पाच फुटांवर उभं करून एक फोटो घ्या. फरक त्यात दिसेल.

तोवर डोक्याखाली दोन उशा घेऊन उताणं झोपा. नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडून द्या. जड उचलणं, कबड्डी, नाकावर टेकणारा चष्मा हे सगळं डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत लांब. सिगारेट आणि गुटखा तर नकोच, निकोटीननं जखम भरायला उशीर होतो. कुणी सांगितलं म्हणून नाक दाबून सरळ करू नका, तेल-लेप लावू नका. कात आणि तूप 1793 सालासाठी ठीक होतं.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही. सूज उतरण्याऐवजी वाढतेय, नाकात ठणका मारतोय, ताप आलाय, घाण वासाचा पू येतोय, रक्त थांबत नाही किंवा दिसायला अंधुक झालंय, तर त्याच दिवशी आपल्या सर्जनकडे जा. ते लांब असतील तर जवळच्या मोठ्या दवाखान्यात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी जा. परीक्षा आहे, बस नाही, म्हणून उद्यावर ढकलू नका.

आणि रूममेट्स, तुमच्यासाठी एकच. दहाव्या दिवशी दुसऱ्याच्या नाकात नाक खुपसू नका. जेवलास का, गोळी घेतलीस का, एवढं विचारा. आणि पाच फुटांवरून तो महिन्याचा फोटो तेवढा काढून द्या.