बाजाराचा दिवस, मुक्कामाची गाडी

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या खेड्यांत सुमारे ६ कोटी १५ लाख माणसं मोजली गेली, आणि वस्ती असलेली खेडी निघाली जवळपास ४१ हजार. भागाकार केला तर एका खेड्याच्या वाट्याला साधारण दीड हजार माणसं येतात. गावातल्या सोयी-गैरसोयींचा विचार करताना मी नेहमी या आकड्यापाशी येऊन थांबतो. दीड हजार माणसांना लागतं सगळंच. डॉक्टर लागतो, औषधं लागतात, कापडचोपड, खतं-बियाणं, बँक, हायस्कूल, चष्मा, दाखले, मोटार रिवाइंड करणारा कारागीर. पण दीड हजार माणसांच्या जिवावर यातलं फार थोडं चालू शकतं. किराणा चालतो, पिठाची गिरणी चालते, चहाची टपरी आणि केस कापायचं दुकान चालतं. चष्म्याचं दुकान चालत नाही. दाताचा डॉक्टर तर नाहीच नाही.

म्हणून ‘तुमच्या गावात काय काय आहे?’ एवढं विचारून गावाची सोय कळत नाही. खेड्यातल्या माणसाची सोय चार ठिकाणी विखुरलेली असते: थोडी गावात, थोडी बाजाराच्या गावी, बरीचशी तालुक्याला आणि मोठं दुखणं किंवा कोर्टकचेरी निघाली की जिल्ह्याला. खरा प्रश्न असा, की या चार ठिकाणांची कामं किती फेऱ्यांत उरकतात, आणि ती फेरी घरातलं कोण करू शकतं. मोटारसायकल असलेल्या तिशीतल्या मुलाला एकच गाव जितकं सोयीचं वाटतं, तितकं ते त्याच्या आईला वाटत नाही. सरकारी अहवालात मात्र दोघांच्या नावापुढे एकच गाव आणि एकच ‘सुविधा उपलब्ध’ असा शेरा असतो.

पूर्वीचं गाव स्वयंपूर्ण होतं, हे आपण फार सहज म्हणून जातो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ लिहिलं. बलुत्याच्या व्यवस्थेत कोण काय देणं लागत होतं आणि कोणाच्या पदरात काय पडत होतं, हे त्यात तपशिलानं आलं आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट गावात होते हे खरं. पण ते जन्मानं बांधलेले होते, आणि महारवतनाच्या नावाखाली एका समाजाकडून रात्रंदिवस राबणूक करून घेतली जात होती. त्या वतनांविरुद्ध बाबासाहेब आंबेडकर १९२० च्या दशकापासून लढत होते. १९५८ च्या कायद्यानं ती वतनं गेली. गावाची सोय कोणाच्या तरी गुलामीवर उभी होती, आणि ती मोडली हे चांगलंच झालं. तिच्या जागी पैशावर चालणारी, सगळ्यांना सारखी मिळणारी सोय उभी करायची होती. ते काम अजून अर्धवट आहे.

मात्र त्या जुन्या काळातली एक व्यवस्था आजही टिकून आहे आणि तिच्याकडे नीट पाहायला हवं. ती म्हणजे आठवडी बाजार. इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांनी डेक्कन कॉलेजतर्फे आठवडी बाजारांचा अभ्यास केला आणि तो १९७० साली प्रसिद्ध झाला. त्याआधी १९६५ मध्ये कर्वे आणि एका सहकाऱ्यानं मिळून केलेला फलटणचा अभ्यास आला होता, वाढतं गाव आणि त्याच्या भोवतीची खेडी एकमेकांना कशी बांधलेली असतात याचा. तालुक्याच्या गावाकडे एकटं सुटं न पाहता भोवतालच्या खेड्यांसकट पाहायचं, ही दृष्टी त्यामागे होती.

बाजाराची रचना मोठी हुशारीची आहे. एखाद्या गावात कापडाचं दुकान रोज चालण्याइतकी गिऱ्हाइकं नसतील, तर दुकानानंच फिरायचं. सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. शेजारशेजारच्या गावांचे वार एकमेकांवर येत नाहीत, आणि अंतर असं की सकाळी पायी किंवा बैलगाडीनं निघालेलं माणूस दिवस मावळायच्या आत घरी परतावं. पाच-सात गावांची गिऱ्हाइकी एकत्र केली की पोट भरतं, म्हणून व्यापारी फिरतो. खेडूतालाही आठवड्यातून एकदाच घर सोडावं लागतं. अंडी, कोंबडी, दोन शेर मटकी विकायची आणि त्याच पैशात मीठ-मिरची घेऊन यायची. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यातही अनेक ठिकाणी शेतमजुराचा पगार बाजाराच्या आदल्या दिवशी होतो, आणि तो मागताना मजूर ‘बाजाराला पैसे द्या’ असंच म्हणतो. सगळ्या आठवड्याचा हिशेब त्या वाराला येऊन टेकतो. सोयरिकी जुळतात, लेकीच्या सासरची खबर कळते, उधारी फिटते. चाकणचा किंवा सांगोल्याचा जनावरांचा बाजार तर कित्येक तालुक्यांतली माणसं खेचून आणतो.

गिऱ्हाईक थोडं असेल तर सेवेनं ठरल्या वाराला त्याच्याकडे जावं, हा बाजाराचा नियम. आपल्या सरकारी सेवा नेमक्या याच्या उलट बांधल्या गेल्या. लोकसंख्येचा निकष लावला, इमारत उभी केली आणि माणसांनी तिथे यावं असं ठरवलं. आरोग्याचंच पाहा. सपाट भागात ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, १ लाख २० हजारांना एक ग्रामीण रुग्णालय. डोंगरी आणि आदिवासी भागात हेच निकष ३ हजार, २० हजार आणि ८० हजार. आता सरासरी दीड हजाराचं गाव धरा. एका आरोग्य केंद्राच्या वाट्याला वीस गावं येतात आणि तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला ऐंशी. निकष माणसं मोजतो, वाट मोजत नाही. बारामतीच्या बागायतीतली ३० हजार माणसं आणि अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातली २० हजार माणसं यांच्यातला फरक दहा हजारांचा नाही. तिथे एकेका पाड्यावरून पेशंटला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. सरदार सरोवराच्या फुगवट्यानं वेढलेल्या नर्मदाकाठच्या गावांसाठी पाण्यावर तरंगता दवाखाना सुरू करावा लागला, आणि तिथे तोच मार्ग योग्य होता. जिथे वाट नाही तिथे दवाखान्यालाच जावं लागतं.

२०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली आणि तिनं असंख्य जीव वाचवले. १०२ ची गाडी बाळंतिणीला घरी परतही सोडते. पण १०८ नं दवाखान्यात पोचलेल्या इतर पेशंटचं काय? परतीचं त्यानं आपलं आपण बघायचं. रात्री अकराला सलाईन काढून ‘आता जा’ म्हणतात, तेव्हा स्टँडवर गाडी नसते.

दवाखाना गावापर्यंत नेण्याच्या बाबतीत महाराष्ट्रानं जगाला शिकवावं असं काम दोनदा केलं आहे आणि ते दोन्ही वेळा मागास म्हणवल्या गेलेल्या भागात झालं. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला आलं. तेव्हाच्या नगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका. प्रत्येक गावात डॉक्टर बसणार नाही हे त्यांनी आधीच मान्य केलं आणि गावानंच निवडलेल्या बायांना शिकवायला घेतलं. यातल्या पुष्कळजणी निरक्षर होत्या, अनेकजणी दलित वस्तीतल्या होत्या. त्या ठरल्याप्रमाणे जामखेडला यायच्या, शिकायच्या, गावी जाऊन करायच्या आणि पुन्हा यायच्या. बाळंतपण, लसीकरण, पिण्याचं पाणी, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, हे सगळं त्यांच्या हातात आलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि तो निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात त्याचं मूळ तिथे आहे. गावातच राहणारी एक शिकलेली बाई गावासाठी काय करू शकते, याचे हे पुरावे आहेत. तरीही आशांना नियमित पगार नाही, मोबदला आहे, आणि त्या मोबदल्यासाठीही त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावं लागतं. हे मला लाजिरवाणं वाटतं.

आता मुक्कामाच्या गाडीबद्दल. १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला पहिली एसटी सुटली. पुढच्या काही दशकांत ती आडवळणाच्या गावांपर्यंत पोचली, आणि रात्री शेवटची फेरी करून गावातच थांबणारी, पहाटे तिथूनच सुटणारी गाडी ही गावाची मोठी मिरासदारी झाली. तिच्यावर किती गोष्टी टांगलेल्या असतात! दूध तिच्यानं जातं. कॉलेजची पोरं तिच्यानं जातात. तालुक्याच्या दवाखान्यात सकाळी लवकर नंबर लावायचा तर तीच गाडी पकडावी लागते. चालक-वाहक देवळात किंवा पंचायतीच्या खोलीत झोपतात आणि गावातली घरं त्यांना जेवायला घालतात. ती गाडी बंद झाली की पहिल्यांदा मुलींचं शिक्षण थांबतं. मुलगा वडापच्या जीपला लोंबकळून जाईल, कोणाच्या तरी गाडीवर मागे बसेल. मुलीला घरचे तसं पाठवत नाहीत.

सरकारला हे कळत नाही असं नाही. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो. मागास ठरवलेल्या १२५ तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून खास मुलींच्या शाळेसाठी निळ्या गाड्या दिल्या गेल्या. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. या सवलतींनी खेड्यातल्या बाईचं घराबाहेर पडणं खरोखर वाढलं. माहेरी जाणं, दवाखान्यात जाणं, स्वतः बाजार करणं, यासाठी नवऱ्याकडे हात पसरायची वेळ कमी झाली. मात्र याच काळात गाड्या घटल्या. कोरोनाच्या आधी महामंडळाकडे सुमारे १८ हजार गाड्या होत्या. साथ, मग २०२१-२२ चा लांबलेला संप, यानंतर त्यांची संख्या १५ हजारांच्या आसपास आली. आगाराला गाड्या कमी पडल्या की पहिली कात्री लागते ती कमी उत्पन्नाच्या खेड्याच्या फेरीला. अर्ध्या तिकिटाचा हक्क गाडी आली तरच वापरता येतो.

शाळांच्या प्रश्नालाही हीच बाजू आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १५ हजार शाळांच्या जागी समूहशाळा करण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असते, विषयाला शिक्षक असतो, हे मान्य. पण पहिलीतल्या पोराला ओढा ओलांडून रोज कोण नेणार, याचं उत्तर गाडीच्या वेळापत्रकात असतं, आणि गाडीचा भरवसा नसेल तर वाडीवरची दोन खोल्यांची शाळा बंद करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, आणि त्यासाठी तलाठ्याला गाठण्याचा त्रास बराच वाचला. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखल्यांना मुदती आल्या. तरी आधारवरचं नाव, बँकेतलं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव यांचा मेळ नसला की हेलपाटे सुरू होतात. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा मशीनवर उमटत नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या वेळी बायकांनी सेतू केंद्रांपुढे आणि बँकांपुढे लावलेल्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. मजुरीवर जाणाऱ्या बाईचा एक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि वर गाडीभाडं.

आणि तालुक्याचं गाव? त्याच्यावर फार ओझं आहे. राज्यात ३५८ तालुके, म्हणजे एकेका तालुक्याच्या गावाकडे शंभराहून अधिक खेडी डोळे लावून असतात. २०१४-१५ च्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. पण नगरपंचायतीचा पाणीपुरवठा, संडास, कचरागाडी यांचा हिशेब गावच्या मतदारांवर होतो. बाजाराच्या दिवशी बाहेरून आलेल्या हजारो माणसांचा त्यात पत्ता नसतो. ओट्यावर भाजी विकायला पहाटे सहाला येऊन संध्याकाळी सहापर्यंत बसणारी बाई दिवसभर पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. बाजार भरवल्याबद्दल तिच्याकडून पावती फाडून पैसे मात्र घेतात. त्या पैशातून पहिलं काम बायकांच्या स्वच्छ संडासाचं व्हायला हवं. पेव्हर ब्लॉक नंतर बसवा.

गावानं मनावर घेतलं तर काय होतं, तेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली हिवरे बाजारनं पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली आणि उसासारख्या पिकांना नाही म्हटलं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचं औरंगाबाद) पाटोद्यानं कर वेळेवर भरणाऱ्याला दळण फुकट दळून दिलं. कर आणि सोय यांचा संबंध घरातल्या बाईला दिसेल असा जोडणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मात्र प्रत्येक गावाला पोपटराव मिळत नाहीत, आणि गाडी, डॉक्टर, शिक्षक या गोष्टी एकट्या ग्रामपंचायतीच्या हातात नसतात.

बाजाराच्या गावापुरतं तरी एक लगेच करता येईल. ज्या दिवशी भोवतालच्या पंधरा-वीस गावांची माणसं आपसूक एकत्र येतात, त्याच दिवशी तलाठी, ग्रामसेवक, बँकेचा माणूस, आधार दुरुस्तीचं यंत्र, रक्तदाब-साखर तपासणारी परिचारिका, डोळे तपासणारा आणि जनावरांचा डॉक्टर तिथे बसावा. वेळ सकाळी नऊ ते दुपारी तीन, कारण चारनंतर बायका परतीच्या गाडीकडे निघतात. नवी इमारत लागत नाही, पंचायतीची खोली पुरते. कर्मचारीही तेच, फक्त त्यांचा वार ठरवून दिलेला. त्यासोबत आगाराकडे ठराव पाठवून बाजाराच्या वाराला दोन जादा फेऱ्या मागायच्या. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असेल, तर भोवतालच्या गावांच्या सरपंचांशी डिसेंबरातच बोलून ठेवावं लागेल. आगाराकडे एका गावाचा ठराव गेला तर तो फायलीत पडून राहतो. वीस गावांचे ठराव एकाच आठवड्यात गेले की आगार व्यवस्थापकाला उत्तर द्यावं लागतं.