सरकारचा जमाखर्च आणि कायद्याचें बंधन

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपल्या घरोघरीं लहानपणापासून कानीं पडते. जी शिस्त गृहस्थास लागू, ती सरकारासहि कां नसावी? वर्षाचा खर्च वर्षाच्या उत्पन्नांतच भागला पाहिजे, असें बंधन राज्यघटनेंतच घालावें कीं काय, हा वाद अमेरिकेंत अनेक दशकें चालला आहे.

१९९५ सालीं तो ऐन रंगांत आला. जानेवारींत तेथील प्रतिनिधिसभेनें अशी घटनादुरुस्ती ३०० विरुद्ध १३२ मतांनीं संमत केली. उत्पन्नाबाहेर खर्च करावयाचा झाल्यास दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश सभासदांची संमति लागावी, अशी तींत तरतूद होती. सीनेटमध्यें मात्र दोन-तृतीयांश बहुमताअभावीं ती पडली; आणि १९९७ सालीं तर ६६ विरुद्ध ३४, म्हणजे अवघ्या एका मतानें हुकली! मौज अशी कीं, पुढें १९९८ ते २००१ अशीं सलग चार वर्षें अमेरिकन सरकारपाशीं या बंधनावांचूनच शिल्लक राहिली. आणि २००९ सालच्या मंदींत तूट एक लाख कोटी डॉलरांच्या वर गेली.

बंधनाचे पुरस्कर्ते म्हणतात, आज खर्च करणाऱ्यास मतें मिळतात. फेड मात्र ज्यांस अद्याप मत नाहीं अशा नातवंडांच्या माथीं बसते. शिवाय अमेरिकेंतील बहुतेक घटक राज्यें हा नियम पाळतातच. विरोधकांचें उत्तर असें कीं, मंदींत करांचें उत्पन्न आटतें आणि त्याच वेळीं बेकारांस मदत द्यावी लागते; तेव्हां खर्च छाटणें म्हणजे आजाऱ्याचें पांघरूण ओढून घेणें होय. आणि तीं राज्येंहि रस्ते, पूल, शाळा यांसाठीं कर्ज काढतातच. त्याचा हिशेब तेवढा निराळा ठेवतात.

आम्हांस वाटतें, वादाचें मर्म येथेंच आहे. ‘ऋण काढून सण करूं नये’ असेंहि आपले वडील सांगत आले. त्या बोलाचा रोख ऋणावर नाहीं, सणावर आहे. विहिरीसाठीं किंवा मुलाच्या शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज आणि पंक्तीसाठीं काढलेलें कर्ज यांस कोणताहि शहाणा कर्ता एकाच मापानें मोजीत नाहीं.

आपल्या संसदेनें २००३ सालीं केलेल्या राजकोषीय उत्तरदायित्वाच्या कायद्यांत हा विवेक होता. एकूण तुटीस आळा घालावा, आणि महसुली तूट, म्हणजे दैनंदिन खर्चापायीं येणारी तूट, मुळींच उरूं नये, असा त्याचा हेतु होता. करोनाच्या सांथींत, २०२०-२१ सालीं, केंद्राची एकूण तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९ टक्क्यांवर गेली. अशा संकटांत हात आंखडा असें कोण म्हणेल? परंतु महसुली तुटीचें उद्दिष्ट त्यापूर्वींच, २०१८ सालीं, कायद्यांतून वगळण्यांत आलें होतें. शिक्षकाचा पगार महसुली खर्चांत मोडतो आणि ओस पडलेली इमारत भांडवली खर्चांत, हा आक्षेप खोटा नाहीं. पण चाळणीचीं भोकें लहानमोठीं आहेत म्हणून चाळणीच टाकून द्यावी, हें आम्हांस पटत नाहीं.

फेब्रुवारीच्या आरंभीं अंदाजपत्रक सादर होतें, तेव्हां घरोघरीं आपला कर किती घटला एवढीच चर्चा होते. सुज्ञ वाचकांनीं त्याबरोबरच महसुली तुटीचा आंकडाहि अवश्य पाहावा. नातवंडांसाठीं आपण विहीर ठेवून जात आहों कीं नुसत्या उष्ट्या पत्रावळी, याचा कांहींसा अंदाज तेथें येतो.