प्रथिनांची थरथर

पाठ्यपुस्तकातलं प्रथिनाचं चित्र फोटोसारखं स्तब्ध असतं. प्रत्यक्षात त्याचा प्रत्येक अणू सतत थरथरत असतो. ही थरथर डोळ्यांनी टिपता येत नाही, म्हणून शास्त्रज्ञ ती संगणकावर घडवून आणतात.

रीत साधी आहे. प्रत्येक अणूवर शेजाऱ्यांची ओढ किती, रेटा किती, हे मोजायचं. न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित सरकवायचं. मग पुन्हा मोजायचं. एक पाऊल एक-दोन फेम्टोसेकंदांचं. सेकंदाचे एक कोटी तुकडे करून त्यातल्या एकाचे पुन्हा दहा कोटी केले, की मिळतो एक फेम्टोसेकंद!

मार्टिन कारप्लस आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये गाईच्या स्वादुपिंडातल्या, ५८ अमिनो आम्लांच्या एका छोट्या प्रथिनाची अशी हालचाल प्रसिद्ध केली. ती होती जेमतेम नऊ पिकोसेकंदांची, म्हणजे सुमारे ९००० फेम्टोसेकंदांची. २०१० मध्ये 'अँटन' या खास संगणकाने त्याच प्रथिनाची एक मिलिसेकंदाची हालचाल मांडली. मजल दहा कोटी पटींहून लांबली! रासायनिक प्रक्रियांच्या संगणकी प्रतिमानांसाठी कारप्लस, मायकल लेविट आणि अरिये वॉर्शेल यांना २०१३ चं नोबेल मिळालं.

मात्र ओढ-रेट्याची गणितं अंदाजीच असतात. म्हणून संगणकाने दिलेलं उत्तर प्रयोगशाळेत पारखून घ्यावंच लागतं.