कपाटातून निघालेली डिजिटल डायरी

वाचकहो, आज सकाळपासून आपण मोबाइल किती वेळा हाती घेतला, हे विचारण्याचा माझा हेतू नाही. तो हिशेब आता मोबाइलच देतो. माझा प्रश्न निराळा आहे. मोबाइल उचलताना जे काम मनात होते, ते पार पडले का? गॅसचा क्रमांक पाहायला म्हणून तो उघडावा, आणि दहा मिनिटांनी कुणाच्या तरी लग्नाची छायाचित्रे पाहून खाली ठेवावा; गॅस तसाच राहावा. असा अनुभव आपल्यालाही असेल. बहुतेक वेळा त्यात काही बिघडत नाही. आमच्या घरी मात्र एकदा बिघडता बिघडता राहिले.

माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या हृदयात वीस वर्षांपूर्वी कृत्रिम झडप बसवलेली असून रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तिला वॉरफेरिन हे औषध रोज संध्याकाळी घ्यावे लागते. ज्या घरांत हे औषध आहे त्यांना त्याचा स्वभाव ठाऊक असतो. मात्रा थोडी कमी पडली तर गुठळीची भीती, थोडी वाढली तर रक्तस्रावाची. म्हणून ठरावीक दिवसांनी आय.एन.आर. ही रक्ततपासणी करावी लागते आणि तिच्यावरून डॉक्टर मात्रा बदलतात. आईला सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी एक मात्रा असते, उरलेल्या दिवशी दुसरी.

गोळी दिली की मोबाइलमधल्या टिपणात खूण करायची, अशी माझी पद्धत होती. त्या संध्याकाळी सहा वाजता गोळी दिली, खूण करण्यासाठी मोबाइल उघडला, तोच सोसायटीच्या पाण्याच्या टाकीविषयी एक संदेश वर आला. त्याला उत्तर दिले, उत्तरावर उत्तर आले. मग मोबाइल चार्जिंगला लावून मी फिरायला गेलो. आठच्या सुमारास पत्नी शिकवणीवरून परतली. टिपणात खूण नव्हती. तिने आईला विचारले, "आई, गोळी झाली का हो तुमची?" आई म्हणाली, "झाली बहुतेक. का ती कालची, कोण जाणे." पत्नीने गोळी दिली. चूक तिची नव्हती. नोंद सांगत होती त्याप्रमाणे ती वागली.

रात्री उलगडा झाल्यावर डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशीची मात्रा थांबवायला सांगितली आणि लगेच रक्त तपासायला लावले. सुदैवाने काही झाले नाही. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. अशा वेळी काय करायचे ते प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरच ठरवतात. शेजाऱ्यांच्या अनुभवावर विसंबू नये. मात्रा चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी आपल्या मनाने दुप्पट देणे, हीही मोठी चूक. हिरड्यांतून रक्त, अंगावर कारण नसता निळे डाग, लाल लघवी, काळी शौचास होणे किंवा डोक्याला मार लागणे, यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दोष मोबाइलवर ढकलून मोकळे होणे सोपे होते. पण संदेशाला उत्तर देणारे बोट माझेच होते. तरीही एक विचार पाठ सोडीना. ज्या वस्तूत ही नोंद मी ठेवली होती, तीच वस्तू मला नोंदीपासून दूर नेत होती. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाचा खाडा लिहायला गेलेला माणूस दिनदर्शिकेतच हरवून बसल्याचे कधी ऐकले आहे काय?

कपाट आवरताना जुन्या बॅगेत माझा 'पाम' सापडला तो याच आठवड्यात. तरुण वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. मोबाइलमध्ये सर्व काही येण्यापूर्वी तळहातावर मावणारी एक यंत्रे असत. आपल्याकडे त्यांना सरसकट डिजिटल डायरी म्हणत. आखातातून येणारा नातेवाईक बटणांची कॅसिओ आणी. पाम हा तिचा पुढचा, लेखणीने लिहिता येणारा प्रकार. त्याचा पहिला अवतार १९९६ साली अमेरिकेत बाजारात आला. जेफ हॉकिन्स हा त्याचा कर्ता. यंत्र बनण्याआधी त्याने त्याच आकाराचा लाकडाचा ठोकळा तासून घेतला आणि तो खिशात घालून तो हिंडत असे. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा आणि काडीने त्यावर टिचकावून वेळ पाहिल्याचे सोंग करायचे. खिशात काय मावते आणि माणूस दिवसातून खरोखर काय पाहतो, हे त्याला त्यावरून ठरवायचे होते. त्यातून उरल्या चारच गोष्टी: दिनदर्शिका, पत्ते, कामांची यादी आणि टिपणे. यंत्राच्या खालच्या बाजूला त्या चारांची चार बटणे.

मी तेव्हा औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. सांगली, मिरज, इचलकरंजी या फेरीत कोणता डॉक्टर कोणत्या वारी भेटतो, हे सारे २००१ सालापासून त्या यंत्रात होते. अमेरिकेतल्या चुलतभावाने ते दिले होते. पुढे मोबाइलमध्येच दिनदर्शिका आली, दोन वस्तू बाळगणे वेडेपणाचे वाटू लागले आणि पाम बॅगेत गेला. त्याला चौदा वर्षे झाली.

दोन बारीक पेन्सिल सेल घातले आणि तो चालू झाला. आतले अर्थातच सारे पुसले गेले होते. करड्या पडद्यावर फक्त तारीख आणि वेळ विचारणारी चौकट. पामवर लिहिण्याची एक खास लिपी असते, ग्राफिटी नावाची. पडद्याखालच्या चौकोनात रोमन अक्षरे एकेका रेघेत लिहायची. पहिले अक्षर मधल्या आडव्या दांडीविना, घराच्या छपरासारखे. अक्षरांना डावी बाजू, अंकांना उजवी. मला वाटले होते, हे सगळे नव्याने शिकावे लागेल. प्रत्यक्षात मनाला काही आठवत नव्हते, पण हाताला आठवत होते. सायकल, पोहणे, पेटी यांच्याबाबत आपण जे म्हणतो तेच. हालचालींतून शिकलेले कौशल्य आणि पाठ केलेली माहिती यांची साठवण मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी होते, आणि पहिली फार चिवट असते. तिसऱ्या दिवशी मी पूर्वीच्या वेगाने लिहीत होतो. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहावे लागतात, एवढाच काय तो जाच.

आता आपण विचाराल, की हा जुन्या वस्तूंचा हौसेचा खेळ झाला. आरोग्याशी याचा संबंध काय? संबंध आहे तो अवधानाशी. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली असे दाखवले, की मोबाइलवर सूचना आल्याचा नुसता आवाज वा कंप, तो हातात न घेताही, चालू असलेल्या कामातल्या चुका वाढवतो. टेक्सास विद्यापीठातील २०१७ सालच्या अभ्यासात तर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची कामगिरी तो समोर मेजावर ठेवणाऱ्यांपेक्षा बरी ठरली. या दुसऱ्या अभ्यासाची पुनरावृत्ती करू पाहणाऱ्यांना नेहमीच तसा निष्कर्ष मिळालेला नाही, हेही सांगायला हवे. पहिल्याविषयी मला माझ्या स्वयंपाकघरातच पुरावा मिळाला होता.

पाम वाजतो, पण बोलावत नाही. संध्याकाळी सहाला त्याचा बारीक गजर होतो, पडद्यावर एक ओळ येते, आणि ती वाचल्यावर त्यात पाहण्यासारखे दुसरे काहीच नसते. कागदाची वही याहून साधी नाही का? आहे, पण वही वाजत नाही. शिवाय वहीत दर चार आठवड्यांनी येणारी रक्ततपासणी प्रत्येक वेळी हाताने पुढे लिहावी लागते आणि एखादा महिना निसटतो. येथे ती एकदाच नोंदवायची.

यंत्रातील एक उणीव मात्र मला अनपेक्षितपणे उपयोगी पडली. त्याच्या दिनदर्शिकेत नोंद रोज आपोआप येते, पण कामांच्या यादीत येत नाही. खुणेचा चौकोन तर यादीतच असतो. म्हणून रोज रात्री निजण्यापूर्वी दुसऱ्या दिवशीची यादी नव्याने लिहावी लागते: आईची संध्याकाळची गोळी, कितीची, कोण देणार; भाजीत पालक कालच झाला, आज नको (पालेभाज्यांतील के जीवनसत्त्वाचा या औषधाशी विरोध असल्याने त्या बंद करायच्या नसतात, त्यांचे प्रमाण सारखे ठेवायचे असते); वीजबिल; जावयांना फोन. पाच मिनिटे जातात. पुढे वाचनात आले, की बेलर विद्यापीठात २०१८ साली नेमका हाच प्रयोग झाला होता. सत्तावन्न तरुणांपैकी काहींना निजण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहायला सांगितली, काहींना झालेल्या कामांची. पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे आधी झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. त्यांनी यादी कागदावर लिहिली होती. तेव्हा यासाठी कुणी जुने यंत्र शोधत बसण्याचे कारण नाही.

अपुरे काम मनात खुपत राहते, हे आपण अनुभवाने जाणतो. २०११ साली मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले, की काम पुरे न करताही, ते केव्हा आणि कसे करायचे हे नेमके ठरवले तर ती खुपखुप शमते. मला रात्री जाग येऊन 'गोळी दिली ना?' असे वाटणे आता थांबले आहे. वयोमानाने झोप सुधारली असे तर कुणी म्हणणार नाही.

हे वाचून पाममध्ये सारे सोपवावे, असे मात्र समजू नका. तिसऱ्या आठवड्यात मी स्वतःच घोटाळा केला. सेल उतरल्याची सूचना दोन दिवस दिसत होती आणि मी ती पुढे ढकलत होतो. त्या पिढीतील अशा यंत्रांची स्मृती विजेवर टिकून असे. सेल पुरते संपले की पाटी कोरी. सेल बदलायलाही जेमतेम मिनिटभराचा अवधी असतो. एका सकाळी गजर झाला नाही, आणि पाहतो तो पुन्हा तीच तारीख विचारणारी चौकट. औषधांची नावे, मात्रा, तपासणीचे आकडे, सर्व गेले. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या फाईलमध्ये होत्या म्हणून निभावले.

तेव्हापासून आईच्या सर्व औषधांचा एक कागद फ्रिजच्या दारावर आहे. त्यात औषधाचे नाव, मात्रा, वार, वेळ, शेवटचा आय.एन.आर., डॉक्टरांचा आणि रक्तपेढीचा क्रमांक, आणि सर्वांत वर ठळक अक्षरांत: वॉरफेरिन चालू आहे, विचारल्याशिवाय कोणतीही वेदनाशामक गोळी देऊ नये. दात काढायला नेतानाही तो कागद बरोबर असतो. वाचकहो, आपल्या घरी कोणतेही यंत्र असो वा नसो, हा कागद असू द्या. सेल दर तिसऱ्या रविवारी बदलायचे, असे आम्ही ठरवले आहे, आणि हे पाममध्ये न लिहिता भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिले आहे, हे उघडच आहे.

आणखी एक बदल. पाम आता माझ्या खिशात नसतो. तो औषधांच्या डब्यात असतो, लेखणीसह. मोबाइल हा ज्याचा त्याचा असतो. दुसऱ्याचा उघडताना संकोच वाटतो. हे यंत्र कुणा एकाचे राहिलेले नाही. जो गोळी देईल त्याने लगेच, डबा मिटण्यापूर्वी, चौकोनात खूण करायची. पत्नीने लेखणी धरायला पहिल्यांदा नकार दिला होता, "अहो, तुमचं ते छपराचं अक्षर मला नाही जमायचं" म्हणून. खूण करायला अक्षर लागतच नाही, हे कळल्यावर तिची तक्रार मिटली. आता कधी कधी मीच विसरतो आणि ती खूण केलेली असते.

रक्ततपासणीची नोंद पुढे पुढे सरकवत असता एकदा दिसले, की या यंत्राची दिनदर्शिका २०३१ साल संपले की संपते. मी ते आईला सहज सांगितले. ती म्हणाली, "तोवर नवीन घे की रे दुसरं." पुढची तपासणी मंगळवारी आहे, उपाशीपोटी जाण्याची गरज नाही, असे यादीत लिहून ठेवले आहे, कारण ती दर वेळी विचारते.