जुनी पद्मिनी, वऱ्हाडचा उन्हाळा आणि रेडिएटरची जागा

जुन्या गाड्यांवरच्या या व्याख्यानांत अकोल्या-अमरावतीकडून एक प्रश्न हमखास येतो. घरी वडिलांची किंवा आजोबांची प्रीमियर पद्मिनी आहे, ती नीट करून घेतली, रंग दिला, सीटा शिवल्या. पण एप्रिल उजाडला की गाडी तापायला लागते. मिस्त्री म्हणतो, ‘मोठा रेडिएटर टाका.’ आणि बोनेट उघडून बघावं तर मोठा रेडिएटर ठेवायला चार बोटंसुद्धा जागा नाही. आज आपण त्या चार बोटांबद्दलच बोलू.

आधी गाडी समजून घेऊ. ही मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने ती मुंबईत कुर्ल्याला बनवली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. ब्लॉक बिडाचा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं. इंजिन लांबीत बसवलेलं, त्याच्या पुढे वॉटर पंप, पंपाच्या पुलीवर पंखा, पंख्यापुढे रेडिएटर आणि लगेच ग्रिल. दोन्ही बाजूंना हेडलाइटचे डबे. म्हणजे रुंदी वाढवायची सोय नाही, आणि जाडी वाढवायची तर कोअर पंख्यावर जातो.

आता उष्णतेचा हिशेब. जुन्या पेट्रोल इंजिनात चाकांकडे जेवढी ताकद जाते, ढोबळमानाने तेवढीच उष्णता पाण्यातून बाहेर काढावी लागते. चाळीस अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३० किलोवॉट. घरातले दोन किलोवॉटचे पंधरा गिझर एकाच वेळी चालू आहेत असं समजा. अर्थात हे पूर्ण ताकदीला, सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना याहून पुष्कळ कमी.

ही उष्णता रेडिएटर कशाच्या जोरावर फेकतो? पाण्याच्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातल्या फरकाच्या. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर फरक ६५ अंशांचा. अकोल्यात मे महिन्यात हवा ४५ वर जाते, म्हणजे फरक उरला ४५. तोच रेडिएटर, तोच पंखा, आणि काम जेमतेम सत्तर टक्के. गाडी बिघडलेली नसते हो, तिचा रेडिएटर उन्हाने आपोआप लहान केलेला असतो.

आणि यात आपण एसी बसवतो! दोष देत नाही, लेकराबाळांना घेऊन दुपारी दोन वाजता मूर्तिजापूरहून जायचं तर एसी हवाच. पण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो आणि चार-पाच किलोवॉट उष्णता त्याच हवेत सोडतो. गाडी उभी असताना पंखा सेकंदाला अर्धा किलोच्या आतबाहेर हवा ओढत असेल, तर ती हवा रेडिएटरपर्यंत पोचेतो दहा अंशांनी तापलेली असते. म्हणजे ४५ चे ५५ झाले, फरक उरला ३५.

म्हणून आमचं म्हणणं असं की ‘किती मोठा रेडिएटर मावेल’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, आहे त्या रेडिएटरमधून हवा खरंच जाते का? जागा कमी असलेल्या गाडीत हवेची वाट सुधारणं हे कोअर जाड करण्यापेक्षा जास्त फायद्याचं असतं, आणि त्याला खर्चही कमी.

कसं ते बघा. दोन रांगांचा कोअर तीन किंवा चार रांगांचा केला तर मागच्या रांगेला मिळते ती पुढच्या रांगांनी आधीच तापवलेली हवा. शिवाय जाड कोअरमधून हवा ढकलायला जोर जास्त लागतो, आणि पद्मिनीचा पंखा काही विमानाचा नाही. हायवेवर थोडा फायदा दिसतो, पण गांधी रोडच्या गर्दीत गाडी उभी राहिली की पूर्वीइतकीच तापते. कधी कधी जास्तच.

त्यामुळे टेप हातात घेण्याआधी गाडी कुठे तापते ते पाहा. उभी असताना, गर्दीत तापते आणि वेग घेतला की काटा खाली येतो? मग दोष हवेचा आहे: पंखा, श्राऊड, कडेच्या फटी. गर्दीत ठीक आणि हायवेवर पाऊण तासाने काटा चढतो? मग कोअर आतून बुजलाय, पंप ढिला आहे किंवा खरोखरच पृष्ठभाग कमी पडतोय. तापमान मोजायची ती बंदूक मिळते ना, ती वरच्या आणि खालच्या होजवर धरा. गाडी तापलेली असताना दोन्ही होज जवळपास सारखेच गरम असतील तर हवा कमी पडते. वरचा खूप गरम आणि खालचा फारच थंड असेल, तर पाणी नीट फिरत नाही.

हायवेवरच्या तापण्याबद्दल एक सांगायला हवं. अमरावती-अकोला रस्त्याचा एक टप्पा जून २०२२ मध्ये सलग काम करून तयार झाला, ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत, त्याची गिनेसमध्ये नोंद आहे. रस्ता उत्तम झाला, पण पूर्वी खड्ड्यांमुळे ही गाडी आपोआप विसावा घेत जायची. आता ती तासभर ऐंशीवर पळते. रस्ता बदलला की गाडीवरचं ओझंही बदलतं.

बरं, तपासणीनंतरही रेडिएटर बदलायचाच ठरला, तर आधी थर्मोकोलचा रेडिएटर बनवा. हसू नका. नव्या कोअरच्या मापाचा ठोकळा कापा, वरखालच्या टँका पुठ्ठ्याच्या चिकटवा आणि तो जागेवर बसवून बोनेट बंद करून पाहा. होज कुठे वळतो, बोनेटचं कुलूप कुठे लागतं, बेल्ट बदलायला हात जातो का, हे सगळं दहा मिनिटांत कळतं. पितळी टँकला डाख देऊन झाल्यावर हे कळलं तर पैसे दुप्पट जातात.

पंखा आणि कोअर यांत किमान वीस-पंचवीस मिलिमीटर सोडा. जोरात ब्रेक मारला की इंजिन रबरी माउंटवर पुढे झुकतं. उभ्या गाडीत दहा मिलिमीटर पुरेसं वाटतं, पण घाटात एकच ब्रेक लागला की पंख्याची पाती कोअर सोलून काढतात.

मग श्राऊड. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं हे पद्मिनीसाठी सगळ्यांत स्वस्त औषध आहे. पाती अर्धी कड्याच्या आत, अर्धी बाहेर, आणि कडेने बोटाच्या जाडीएवढी फट. कडं नसेल तर पंखा फक्त आपल्यासमोरची गोल जागा ओढतो, रेडिएटरचे चारही कोपरे फुकट जातात. तसंच रेडिएटर आणि बॉडी यांच्यातल्या फटी रबरी पट्टीने बुजवा. हवा आळशी असते, तिला बाजूने पळायला वाट मिळाली तर ती जाळीतून जाणार नाही. उलट, इंजिनखालची गरम हवा त्याच फटीतून फिरून पुढे येते.

काही जण बोनेटची मागची कड वायसर घालून उचलतात. उभ्या गाडीत वाफ निघताना दिसते म्हणून बरं वाटतं. पण वेगात काचेच्या बुडाशी हवेचा दाब जास्त असतो, म्हणून तिथून हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरते.

उंचीला जागा नसेल तर उभ्या वाहत्या रेडिएटरऐवजी आडवा वाहता, म्हणजे टँका डाव्या-उजव्या बाजूला असलेला, कोअर करून घेता येतो. किंवा रेडिएटर थोडा तिरपा बसवता येतो. फक्त पाणी भरायची जागा इंजिनच्या हेडपेक्षा वर राहिली पाहिजे, नाहीतर हेडमध्ये हवेचा फुगा अडकतो. तेवढी उंची मिळत नसेल तर बाजूला उंचावर वेगळी टाकी लावा. मारुती ८०० चा रेडिएटर ‘बसतो’ असं सांगणारे भेटतात. मापाने बसेलही, पण तो ७९६ सीसीच्या इंजिनासाठी आहे. आणि कोणताही रेडिएटर रबरावरच बसवा, चेसीसला घट्ट कसला तर जोड फाटतात. पुढची पट्टी, क्रॉसमेंबर कापू नका. कापलेली गाडी पुन्हा मूळ होत नाही.

इलेक्ट्रिक पंखा चांगला, पण तो दहा-पंधरा अँपिअर खातो. जुन्या मॉडेलला डायनामो असेल तर गाडी उभी असताना, म्हणजे नेमकी पंख्याची गरज असताना, तो जवळपास काहीच देत नाही. आधी अल्टरनेटर, मग पंखा.

थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला तर घरोघरी मिळतो. ‘काई होत नाई’ म्हणतात. होतं. बायपास उघडा राहून काही पाणी रेडिएटरकडे न जाताच फिरतं, आणि हिवाळ्यात इंजिन कायम थंड चालून झिजतं.

शेवटी पाणी. आणि इथे वऱ्हाडचं दुखणं वेगळं आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलाय. तिथल्या बोअरचं पाणी माणसाला पिववत नाही, पण रेडिएटरला मात्र आपण तेच पाजतो. या गाडीत बीड, ॲल्युमिनियम, तांबं-पितळ आणि डाख, सगळे एकाच पाण्यात उभे असतात. खारं पाणी मिळालं की त्यांची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियमचं हेड आधी खाल्लं जातं. उरलेला क्षार नळ्यांत बसतो. नव्या कोअरचा फायदा दोन उन्हाळ्यांत संपतो तो यामुळे. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला, गंज रोखणारा भाग त्या कूलंटमध्येच असतो. बाहेरून कापसाचे तंतू आणि धूळ बसते, ती मागून पुढे पाणी मारून काढा. त्यासाठीच फार दाट जाळीचा कोअर आम्ही इकडे सुचवत नाही.

एकाने विचारलंय, जास्त दाबाचं टोपण लावू का? दाबाने पाणी उशिरा उकळतं हे खरं. अर्ध्या बारला उकळबिंदू १११ अंशांच्या आसपास जातो, एका बारला १२० वर. चिखलदऱ्याला, अकराशे मीटरवर, उघडं पाणी ९६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे घाटात टोपणाचं महत्त्व जास्तच. पण टोपण रेडिएटरला थंड करत नाही, ते फक्त उकळणं पुढे ढकलतं. आणि पन्नास वर्षांच्या डाखेवर दुप्पट दाब दिला तर टँक शिवणीत उसवते. गाडीला मूळ जेवढ्या दाबाचं होतं तेवढंच, पण नवं लावा. जुन्या टोपणाची स्प्रिंग बहुतेक वेळा मेलेली असते.

काम झालं की चाचणी दुपारी घ्या, सकाळी नको. आधी शहरात वीस मिनिटं एसी लावून, मग तासभर हायवे, मग परतवाड्याहून वरचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. काटा चढला तर एसी बंद करा, गाडी सावलीत लावा आणि इंजिन थोडं वाढीव रेसवर चालू ठेवा म्हणजे पंखा फिरत राहील. वाफ मारत असेल तर मात्र लगेच बंद. टोपणाला अर्धा तास तरी हात लावू नका, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेड तिथल्या तिथे वाकतं.