सदाफुली आणि बधिर बोटे

वसई-विरारच्या अंगणांत सदाफुली बारमाही फुलते. १९५०च्या दशकात कॅनडात तिच्या पानांत मधुमेहाचे औषध शोधताना, अर्काने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात असे आढळले. पुढे या वनस्पतीतून व्हिन्क्रिस्टीन मिळाले. लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगावर ते आजही वापरतात. मात्र काही रुग्णांच्या पायांना त्यामुळे मुंग्या येतात, शर्टाचे बटण लागत नाही, चप्पल निसटते. असे का होते?

पेशी विभागताना गुणसूत्रे ओढून नेणारे सूक्ष्मनलिकांचे दोर तयार होतात. व्हिन्क्रिस्टीन ते बनू देत नाही, म्हणून कर्करोगपेशींचे विभाजन थांबते. चेतापेशी सहसा विभागत नाहीत. पण त्यांच्या तंतूंत याच नलिका रुळांचे काम करतात. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत सुमारे एक मीटर मालवाहतूक त्यांवरूनच चालते. चर्चगेट-विरार मार्गावर जागोजागी रूळ बिघडले, तर सर्वाधिक खोळंबा विरारकरांचा! तसेच सर्वांत लांब तंतूंची टोके, म्हणजे पायाची बोटे, आधी बधिरतात.

गाठीचा चेतांवरील दाब किंवा नागीण हीही कारणे असू शकतात. म्हणून त्रास लपवू नये. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात. सुधारणेला मात्र अनेक महिने लागतात, कधी ती अपुरी राहते.

उपचार घेऊन वर्गात परतलेल्या मुलाचे अक्षर बिघडले, तो अडखळू लागला, तर आपण त्याला आळशी ठरवू नये. पालकांना लगेच सांगावे. आणि विद्यार्थ्यांना हेही सांगावे, की सदाफुलीची पाने विषारी असतात; ती औषध म्हणून चावायची नाहीत.