विचारून बांधलेले घर

त्या वर्षी अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला आली होती. गणरायाला निरोप देऊन गावे उशिरा झोपली होती. दिगंबर श्रावकांच्या घरी दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती. उपवास करणाऱ्यांचे पारणे दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या सीमेवरची जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर, पेठसांगवी, राजेगाव, होळी अशी गावेच्या गावे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. सुमारे आठ हजार माणसे प्राणास मुकली.

आपल्या समाजाला या आपत्तीची आठवण एका वेगळ्या कारणानेही आहे. भारतीय जैन संघटनेने शांतिलालजी मुथा यांच्या पुढाकाराने या भूकंपग्रस्त भागातील बाराशे मुलांना पुण्याला नेले, त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची जबाबदारी घेतली. वाघोलीचे शैक्षणिक संकुल त्यातून उभे राहिले. त्या कार्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. येथे लिहायचे आहे ते मात्र दुसऱ्याच गोष्टीविषयी. मदतीच्या मालमोटारी परत गेल्या, छायाचित्रे छापून झाली, आणि मग नव्या गावांचे नकाशे काढायची वेळ आली. ते नकाशे कोणी काढले, कोणाला विचारून काढले, आणि त्या घरांत पुढे माणसे कशी राहिली, याचा विचार दान देणाऱ्या आणि व्यापार करणाऱ्या समाजाने करायला हवा असे वाटते.

मराठवाड्यातील जुन्या घराची रचना ज्यांनी पाहिली असेल त्यांना ती विसरता येणार नाही. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, तुळया आणि वर मातीचा जाड थर असलेले माळवद. दारातून आत आले की ढाळज, मग चौक, चौकाभोवती ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, एका बाजूला जनावरांचा गोठा. व्यापाऱ्याच्या घरी याच रचनेच्या दर्शनी भागात दुकान असे. उन्हाळ्यात ते घर थंड राही. परंतु दरवर्षी गळती थांबवण्यासाठी माळवदावर मातीचा नवा थर पडत गेला, आणि छताचे वजन पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेले. भिंतीचे आतले व बाहेरचे दगड एकमेकांना बांधून ठेवणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. धक्का बसताच भिंती दोन्ही बाजूंना फाकल्या आणि छत झोपलेल्या माणसांवर आले. वर्षानुवर्षे आसरा देणाऱ्या दगडाचीच लोकांना भीती वाटू लागली.

जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने शासनाने भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी हलवायची, काही गावे जुन्याच जागी नव्याने बांधायची, आणि ज्या हजारो गावांत घरांना तडे गेले होते तेथे दुरुस्ती व बळकटीकरण करायचे, असे त्याचे तीन भाग होते. देशभरातील उद्योगसमूह, वृत्तपत्रे, धार्मिक न्यास आणि सेवासंस्था गावे दत्तक घ्यायला पुढे आल्या. औदार्याला सीमा नव्हती.

नव्या गावात घर किती मोठे मिळणार हे कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. कागदावर ही रीत सोपी आणि निःपक्षपाती दिसते. पण आपल्या वाचकांनी ती व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावी. ज्याचे सारे भांडवल किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत किंवा कापडाच्या गठ्ठ्यांत होते आणि नावावर एक गुंठाही जमीन नव्हती, त्याचा या मोजमापात हिशेबच नव्हता. तीच गत सुताराची आणि लोहाराची. कुटुंबात माणसे किती, वृद्ध किती, जनावरे किती, हेही त्या कोष्टकाने विचारले नाही.

आराखडे शहरी वसाहतींसारखे झाले. सरळ रस्ते, काटकोनातले चौक, एका मापाची ओळीने घरे. जमिनीच्या गटाप्रमाणे घरे वाटली गेल्याने अनेक ठिकाणी भाऊबंद एकमेकांपासून दूर गेले. जुन्या गावात दहा पावलांवर असलेली चुलती आता गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तान्ह्या मुलाला तिच्याकडे ठेवून शेतात जाणे सुनेला अवघड झाले. गावांचा विस्तार पूर्वीच्या कितीतरी पट झाला, त्यामुळे पाण्याची नळयोजना, दिवे, रस्ते यांच्या देखभालीचा बोजा ग्रामपंचायतीवर पडला, आणि तिचे उत्पन्न मात्र होते तेवढेच राहिले. चौक गेला, ढाळज गेली. बायका पूर्वी चौकात धान्य निवडत, पापड वाळवत, बाळंतिणीला न्हाऊ घालत. नव्या घराचे दार थेट रस्त्यावर उघडत होते.

औसा तालुक्यातील गुबाळ गावी तर घुमटाकार घरे बांधली गेली. भूकंपाला तोंड देण्यास घुमट उत्तम, हे शास्त्राने सिद्ध आहे. पण गोल भिंतीला कपाट लागत नाही, कोपऱ्यात कणगी ठेवायची तर कोपराच नाही, आणि पुढे मुलाचे लग्न झाले म्हणून शेजारी एक खोली वाढवायची तर ती जोडायची कोठे? हेतू शुद्ध होता आणि खर्चही झाला होता. ज्या बाईला त्या घरात आयुष्य काढायचे होते, तिला मात्र एवढा साधा प्रश्न कोणी विचारला नाही.

येथे न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अनेक गावांनी स्वतःच स्थलांतर मागितले होते. जुन्या जागेकडे पाहवत नव्हते. दगडाच्या भिंतीत झोपायला माणसे धजत नव्हती. सिमेंटचे, शहरासारखे घर हवे असे लोक स्वतः सांगत होते. तेव्हा ‘लोकांना विचारलेच नाही’ असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. विचारले गेले, पण दुःखाच्या पहिल्या उमाळ्यात, बहुधा पुरुषांना, आणि त्यातही पुढे बसणाऱ्यांना. ज्याच्या घरी अजून सुतक आहे अशा माणसाला एकदा विचारून त्याचे उत्तर वीस-तीस वर्षांसाठी बांधून टाकणे हे खरे विचारणे नव्हे. अनेकान्ताची शिकवण आपण व्याख्यानांत ऐकतो: वस्तूच्या अनेक बाजू असतात आणि प्रत्येक कथन एका अपेक्षेने खरे असते. बांधकामाच्या नकाशालाही हे लागू पडते. सरपंचाच्या अपेक्षेने गाव एक असते, पाणी भरणाऱ्या मुलीच्या अपेक्षेने दुसरेच.

कार्यक्रमाच्या तिसऱ्या भागात, म्हणजे दुरुस्तीच्या कामात, वेगळे काही घडले आणि तेच या साऱ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे आहे. प्रारंभी हे काम रखडले. तडा गेलेली दगडी भिंत दुरुस्त होऊ शकते यावर लोकांचा विश्वास नव्हता. मिळालेल्या साहाय्यातून जुन्या घराला हात न लावता बाजूला विटांची एक खोली बांधून घ्यावी, असाच बहुतेकांचा कल होता. अभियंते आपल्या भाषेत समजावत, गावकरी मान डोलावत, आणि काम जागच्या जागी राही. तेव्हा शासनाने प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे गावांशी संवाद साधण्याचे काम सोपवले. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या.

या स्त्रिया फारशा शिकलेल्या नव्हत्या. त्यांतील कित्येकींनी तोवर चारचौघांत तोंड उघडले नव्हते. त्यांनी घरोघर जाऊन कोण पात्र आहे, हप्ता केव्हा मिळतो, पैसे कोठे अडले, हे समजावून घेतले आणि समजावून दिले. भिंतीत आरपार जाणारा दगड का हवा, माळवदावरची माती कमी का करायची, भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा कोठून फिरवायचा, हे आधी स्वतः शिकून मग शेजारणीला सांगितले. सिमेंट बरोबर मिसळले जाते की नाही यावर लक्ष ठेवले. गावाची तक्रार अभियंत्याकडे आणि अभियंत्याची अडचण गावाकडे त्यांच्याच तोंडून जाऊ लागली. चुलीचा धूर कोठून जाणार, मोरीचे पाणी कोठे वाहणार, हे प्रश्न नकाशावर आले ते त्यांच्यामुळेच. पुढे या मंडळांतून बचत गट उभे राहिले.

२६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच भागातील स्त्रिया तेथे गेल्या आणि आपला अनुभव कच्छी भगिनींना सांगितला. गुजरातमध्येही आरंभी गावे हलवण्याची भाषा झाली होती. गावांना विचारल्यावर बहुतेकांनी नकार दिला. मग घरमालकाला हप्त्याने साहाय्य, अभियंत्याची देखरेख आणि घर ज्याचे त्याने बांधायचे, ही पद्धत तेथे मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली. मराठवाड्यात केलेल्या चुकांतून आणि मराठवाड्यातच सापडलेल्या उत्तरांतून त्या धोरणाला बळ मिळाले. आपला जिल्हा मागास म्हणून सर्वांना परिचित आहे. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही २०१८ मध्ये त्याचे नाव आले. दुसऱ्या राज्याला शिकवण्याजोगे त्याच्याकडे काही होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

योगायोग असा की भूकंपाच्या त्याच वर्षी, २४ एप्रिल १९९३ ला, राज्यघटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. पुढे २०१५ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने आपला विकास आराखडा स्वतः करावा आणि तो ग्रामसभेने मंजूर करावा, अशी व्यवस्था महाराष्ट्रात झाली. वित्त आयोगाचा निधी या आराखड्याच्या आधारे खर्च होतो. ग्रामसभेआधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. व्यवस्था चांगली आहे. अडचण हजेरीची आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी पुरते. तेवढीही न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज उरत नाही. पुढच्या वर्षी गटार आधी की शाळेची खोली आधी, हे मग जे आले असतील ते ठरवतात.

त्या जमलेल्यांत आपण असतो काय? खरे सांगायचे तर क्वचित. दुकान उघडे असते, हंगामाचे दिवस असतात, आणि ‘राजकारणात आपण कशाला पडायचे’ हे वाक्य तर आपल्या घरांत वारशाने मिळते. गावाने मागितले की वर्गणी देतो, प्रवेशद्वार बांधून देतो, पाणपोई उभारतो, नामफलक लावतो. पण प्रवेशद्वाराऐवजी गावाला प्राथमिक आरोग्य उपकेंद्रात रात्रीचा दिवा हवा होता, हे आपल्याला कळत नाही, कारण ते बोलले गेले त्या दिवशी आपण गल्ल्यावर होतो.

आणि योजना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नाही असे मुळीच नाही. गावात चातुर्मास ठरला की संघाची सर्वसाधारण सभा बसते. साधू-साध्वींचा निवास कोठे, दर्शनार्थींच्या भोजनाची तिथी कोणाकडे, पाण्याची सोय कशी, वृद्धांना पायऱ्या चढवतील काय, हे सारे घरोघरच्या माणसांना विचारून ठरते. चौक्याचा किंवा भोजनशाळेचा विषय निघाला की श्राविकांचा शब्द अखेरचा असतो. अध्यक्षांनी परस्पर ठरवले तर दुसऱ्या दिवशी त्यांना ते निस्तरावे लागते. चतुर्विध संघात श्राविकेचे स्थान श्रावकाच्या बरोबरीने सांगितले आहे, आणि निदान या सभांत तरी ते दिसते. हीच मंडळी गावच्या ग्रामसभेत गेली तर त्यांना नवे शिकावे लागेल असे फार थोडे आहे.

पाण्याच्या बाबतीत तर आपण एकदा हे करून पाहिले आहे. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत गावाने निवडलेल्या स्त्री-पुरुषांनी प्रशिक्षण घ्यावे, शिवाराचा नकाशा स्वतः मांडावा आणि श्रमदानाने कामे करावीत, अशी रीत होती. भारतीय जैन संघटनेने २०१८ च्या स्पर्धेत गावांना खोदकामाची यंत्रे पुरवली, परंतु आधी श्रमदान, मग यंत्र. बांध कोठे घालायचा ते गाव ठरवीत होते, देणारा नव्हे. कुंथलगिरीसारख्या सिद्धक्षेत्री यात्रेकरूंना लागणारे पाणी आणि शेजारच्या शेतकऱ्याला लागणारे पाणी जमिनीच्या पोटात वेगळे नसते, म्हणून या जिल्ह्यात तरी पाण्याची योजना आपण आपल्यापुरती करू शकत नाही.

शहरांतल्या वाचकांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. धाराशिव, उमरगा, तुळजापूर, कळंब, परंडा, भूम येथे ग्रामसभा नाही, पण नगरपरिषदेची विकास योजना असते. बाजारपेठेतील रस्ता किती रुंद होणार, कोणत्या भूखंडावर मंडईचे किंवा शाळेचे आरक्षण पडणार, हे तिच्यात ठरते. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत कोणीही नागरिक लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो आणि त्यावर सुनावणी होते. आपले बहुतेक व्यापारी बंधू नकाशा पाहायला जातात ते दुकानाच्या भिंतीवर लाल खूण पडल्यानंतर. तोवर मुदत संपलेली असते. क्वचित कोणी वेळेत गेलाच तर स्वतःच्या दुकानापुरती हरकत देऊन येतो. हातगाडीवाल्याने उभे कोठे राहावे, बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेल्या बाईला स्वच्छतागृह कोठे, याबद्दल त्या अर्जात ओळ नसते. ग्राहक मात्र तीच असते.

ग्रामसभा प्रथेप्रमाणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. पुढील वर्षाचा आराखडा करण्याचे काम सहसा २ ऑक्टोबरच्या सभेपासून सुरू होते. अनेकदा तो दिवस पर्युषणानंतरच्या क्षमावणीच्या भेटीगाठींच्या आसपासच येतो. सभेची सूचना काही दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. सभेपूर्वीच्या महिला सभेची वेळ घरातील श्राविकांनी त्याच फलकावर पाहून ठेवावी.